थेऊर ते चित्रदुर्ग : एका गुंगलेल्या वाचकाची कैफियत

माझ्या आईच्या हातून आयुष्यात एकदाच आमटी करपली आणि त्याला कारण झाले एक पुस्तक. १९६९ च्या सुमाराची गोष्ट. आमचे गाव खानापूर तालुक्यातले, मी सातवीत. काकांनी बेळगावच्या एका वाचनालयातून रणजित देसाई यांची 'स्वामी' आणली होती. आठ दिवसांत परत करायच्या बोलीवर. पुस्तक एक आणि टपलेले सहा जण. शेवटी आजीने निवाडा दिला, पोराने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. रोज दिवेलागण झाली की चुलीजवळच्या पाटावर बसून मी वाचत असे. आजी वाती वळत असे, काका सुपारी कातरत असत आणि आई पळी हातात धरून तशीच थांबलेली असे. राघोबादादा आणि माधवराव समोरासमोर येण्याचा एक प्रसंग चालू असताना चुलीवरून करपल्याचा वास आला. पण उठले कोणीच नाही.

आठव्या दिवशी थेऊरचे प्रकरण आले. माधवराव तिथे जातात ते परत न येण्यासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. आजीला तर रमाबाई सती गेल्याची कथा लहानपणापासून पाठ. तरीही मी पान उलटायला लागलो तशी ती म्हणाली, "आज राहू दे रे. उद्या वाच." दुसऱ्या दिवशीही तेच. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आमच्या आजीने दोन दिवसांचे आयुष्य बहाल केले आणि त्यापायी काकांना वाचनालयात दोन दिवसांचा दंड भरावा लागला.

हे एवढे सांगितले, कारण ज्या जातीच्या कादंबरीविषयी मला लिहायचे आहे तिच्या बाजूने माझा पहिला पुरावा हाच आहे. मी समीक्षक नव्हे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि रात्री ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या. जाणकार मंडळी अशा वाचनाला 'गुंगी' म्हणतात आणि तो शब्द ती कौतुकाने वापरत नाहीत. मला ही गुंगी मान्य आहे. पण गुंगीतही प्रकार असतात. माणसाला नुसते झोपवणारी गुंगी एक आणि जागा झाल्यावर प्रश्न विचारायला लावणारी दुसरी. हा फरक माझ्या ध्यानात यायला चाळीस वर्षे लागली आणि तो आला तो एका कन्नड पुस्तकामुळे. ही कैफियत त्या प्रवासाची.

आधी या गुंगीचे मर्म पाहू. रहस्यकथा आपण शेवट कळावा म्हणून वाचतो. ऐतिहासिक कादंबरीचा शेवट पाठ्यपुस्तकात छापलेला असतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. तरीसुद्धा विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) वाचताना दर पाचपन्नास पानांनी मनात येतेच, की आता रसद पोचेल, आता कोणीतरी मदतीला धावेल, भाऊ यातून निघेल. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार आपण बोलण्यात सहज वापरतो. ती संक्रांत आपल्या घरावर कोसळते आहे असे ही कादंबरी वाचताना वाटते. जे टळणार नाही हे ठाऊक आहे ते टळावे अशी इच्छा वाचकाच्या मनात निर्माण करणे, हे या प्रकारातले खरे कसब. एकदा ही इच्छा जागी झाली, की 'पुढे काय झाले' हा प्रश्न मागे पडतो आणि 'त्या माणसाने ते सोसले कसे' हा प्रश्न पुढे येतो. आजीने थेऊरचे पान दोन दिवस अडवले ते याच इच्छेपोटी.

दुसरे मर्म घरगुती आहे. बखरीत माधवराव 'श्रीमंत' असतात. कादंबरीत तो सोळाव्या वर्षी गादीवर बसलेला मुलगा असतो. थोरला भाऊ पानिपतावर पडलेला, वडील त्या धक्क्याने गेलेले, आई करारी आणि घरात कर्तबगार पण असंतुष्ट काका. राक्षसभुवनची लढाई १७६३ साली झाली हे आमच्या आईला माहीत नव्हते, माहीत असण्याचे कारणही नव्हते. पण पुतण्याच्या हाती कारभार आला म्हणून धुमसणारा काका तिला चांगला माहीत होता. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणाला तो माहीत नसतो? रणजित देसाईंनी दौलतीचे दुखणे घराच्या दुखण्यात आणून बसवले, म्हणूनच १९६२ साली आलेले हे पुस्तक दिवाणखान्यात न थांबता स्वयंपाकघरापर्यंत पोचले. त्याला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८७ साली ते दूरदर्शनवर मालिका म्हणून आले. पण आमच्या घरात त्याचा खरा सत्कार त्या करपलेल्या आमटीने केला होता.

या परंपरेचे एक मूळ आपल्याच मातीत आहे, हे आपल्या तरुण मंडळींना सांगायला हवे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचा मान आहे ती 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूपाने आली. तिचे लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे जांबोटीचे, म्हणजे आमच्या खानापूर तालुक्यातले. मराठीबरोबर कन्नडही उत्तम जाणणारा हा माणूस. 'विविधज्ञानविस्तार'सारख्या मासिकाची घडी बसवण्यात त्यांचा हात होता. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मधून क्रमशः कादंबऱ्या देऊन वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहायला शिकवले. नाथमाधवांचे पाय सिंहगडाच्या कड्यावरून पडून लुळे झाले होते, तरी त्या माणसाने अंथरुणावर पडल्या पडल्या स्वराज्याच्या घोडदौडी लिहिल्या. हडपांनी तर पेशवाईची कादंबऱ्यांची मालिकाच रचली. मग रणजित देसाई आले, ते कोवाडचे. चंदगड तालुक्यातले हे गाव बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. 'छावा'चे शिवाजी सावंत आजऱ्याचे. जांबोटी, कोवाड, आजरा. नकाशावर ही तीन गावे जोडून पाहा. पुणे या त्रिकोणापासून किती दूर आहे! सीमेवरच्या माणसाला इतिहास लागतो, कारण 'आपण कोण' हा प्रश्न त्याला पुण्यातल्या माणसापेक्षा जास्त वेळा विचारला जातो. माझी ही समजूत कोणी खोडून काढली तर मी ऐकून घेईन, पण सहजासहजी सोडणार नाही.

आता दुसरी बाजू. 'स्वामी'नंतर एकाच वर्षाने, १९६३ साली, 'कोसला' आली आणि मराठी समीक्षेचे तोंड दुसरीकडे वळले. ऐतिहासिक कादंबऱ्यांची पुढे जी लाट आली तिच्यावर नव्या जाणकारांनी सडकून टीका केली. या कादंबऱ्या वर्तमानापासून पळ काढतात, भाषेला शालू नेसवतात, माणसाचा देव करतात, असे त्यांचे म्हणणे. तरुणपणी मला या टीकेचा राग येई. आता वाटते, त्यातले निम्मे तरी खरे होते.

'स्वामी' मी पुढे चार-पाच वेळा वाचली. चौथ्या वेळी गणिताच्या मास्तराला न शोभणारी एक गोष्ट ध्यानात आली, हे इतके दिवस मोजलेच नव्हते. या कादंबरीत जवळपास सगळेच सुंदर बोलतात. पेशवे, शास्त्री, सरदार, सगळ्यांच्या बोलण्याला एकच झिलई. ज्यांच्या पाठीवरून दौलत चालत होती ते हुजरे, बारगीर, तोफा ओढणारे, दाणावैरण पुरवणारे, वाटेवरचे शेतकरी हे सारे पडद्यामागे राहतात. कादंबरीचा जीव शनिवारवाड्यात आणि थेऊरच्या देवळात आहे. या जिवासाठी लेखकाने जी किंमत मोजली ती ही. गुंगवणाऱ्या कादंबरीला ज्योतीभोवतीचा काळोख दाखवून परवडत नाही, असे तेव्हा मला वाटले.

पण तेही पूर्ण खरे नाही, हे ना. सं. इनामदारांनी दाखवले. 'झेप'मध्ये त्र्यंबकजी डेंगळे, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव. ज्यांना इतिहासाने कोपऱ्यात उभे केले, अशांचा हात धरून त्यांनी त्यांना मध्यभागी आणले. आणि १९७० साली 'शहेनशहा' लिहून त्यांनी औरंगजेबालाच कादंबरीचा नायक केले. संभाजीराजांचा वध ज्याने केला त्याच्या म्हातारपणात, त्याच्या एकटेपणात मराठी वाचकाला नेऊन बसवायचे, हे धाडस लहान नव्हते. ते पुस्तक वाचून मी काही औरंगजेबाचा चाहता झालो नाही. पण पंचवीस वर्षे दख्खनेत अडकून पडलेला, परत दिल्ली न पाहिलेला एक म्हातारा मला कळला आणि त्याच्याशी लढलेल्यांची उंची त्यामुळे कमी न होता वाढली. दुसऱ्या बाजूला जाऊन आले की आपली बाजू लहान होत नाही, हा धडा तिथे पहिल्यांदा मिळाला. पण तो मी गिरवला नाही. गिरवून घेतला तो शेजारच्या मास्तरांनी.

निवृत्तीनंतर आम्ही बेळगावच्या एका उपनगरात राहायला आलो. शेजारी बैलहोंगलकडचे एक निवृत्त कन्नड शिक्षक. मी त्यांना मास्तर म्हणतो, ते मला सर म्हणतात. सकाळी फिरायला बरोबर जायचे, परत येताना एकाच गाड्यावर चहा घ्यायचा. भाषेच्या राजकारणावर बोलायचे नाही असा अलिखित करार. मग उरतात मधुमेह, नातवंडे आणि पुस्तके. एका दिवाळीत मी त्यांना 'स्वामी' दिली. त्यांना मराठी वाचता येते, आपल्याकडे त्यांच्या वयाच्या पुष्कळांना येते. आठ दिवसांत त्यांनी पुस्तक परत आणले. डोळे सुजलेले. म्हणाले, "सर, रमाबाईंसाठी मी रडलो बघा. बायकोनं विचारलं, काय झालं म्हणून." मी खूश. जरा थांबून त्यांनी विचारले, "पण एक सांगा. तुमच्या स्वामींची फौज आमच्या शेतांतनं गेली की हो. ते पान कुठं आहे?"

मला उत्तर देता आले नाही. मास्तरांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. घरात हरवलेली वस्तू विचारावी तसे त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाडजूड कन्नड पुस्तक माझ्या हातात ठेवले. त. रा. सुब्बराव, म्हणजे कन्नड वाचकांचे 'तरासु', यांची 'दुर्गास्तमान'. "ओदि नोडरी, सर," एवढेच म्हणाले. वाचून तर बघा.

नाव आपल्याला उघड कळते, दुर्गाचा अस्तमान. दुर्ग म्हणजे चित्रदुर्ग, कन्नड माणूस ज्याला सात वेढ्यांचा कोट म्हणतो तो. नायक तिथला अखेरचा राजा मदकरी नायक. कादंबरी १९८२ सालची. तरासु १९८४ साली गेले आणि १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला त्यांच्यामागे मिळाला. त्याच मुलखातला हा लेखक, चित्रदुर्गाच्या नायकांवर त्याने आधीही कादंबऱ्या लिहिल्या होत्या. तरासुंचे नाव माहीत नसले तरी आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्या कादंबऱ्यांवरून निघालेला 'नागरहावु' (१९७२) हा चित्रपट पाहिलेला असेल. कोटाच्या खिंडीतून एकेक करून आत येणारे शत्रूचे शिपाई मुसळाने टिपणारी ओबव्वा त्यातल्या गाण्यातून सीमेअलीकडेही घरोघरी पोचली.

माझे कन्नड बाजारहाटाचे. ते पुस्तक वाचायला मला तीन महिने लागले. आरंभी शब्द अडत, मास्तरांना विचारावे लागे. शंभरेक पानांनंतर विचारणे थांबले. अर्थ सगळा कळू लागला म्हणून नव्हे, मध्ये थांबवेना म्हणून. तीच गुंगी! ओळखीच्या वासाने माणूस दचकावा तसा मी दचकलो. इथेही शेवट ठाऊक होता. १७७९ साली हैदरने कोट घेतला आणि मदकरीला कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. इथेही तो टळावा असे वाटत होते. इथेही दौलतीचे दुखणे एका माणसाच्या अंगावर येऊन बसले होते. फरक एवढाच, की पेशव्यांची फौज या गडावरून जशी दिसते तशी मी ती आजवर पाहिली नव्हती.

आता थोडा इतिहास, कारण इथून पुढे तो लागतो. माधवरावांनी हैदरविरुद्ध कर्नाटकात पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या. १७६४ साली रट्टीहळ्ळीला हैदरचा पराभव झाला, त्याच मोहिमेत धारवाड हाती आले. १७६७ साली मधुगिरीच्या किल्ल्यात हैदरने डांबून ठेवलेली बिदनूरची राणी वीरम्माजी माधवरावांनी सोडवली. हे बिदनूर म्हणजे मास्तींच्या 'चन्नबसवनायक' कादंबरीतले राज्य. १७७० साली निजगलच्या किल्ल्याला मराठी फौजेचा वेढा पडला, तो बरेच दिवस हटेना. अखेर तट चढून किल्ला घेतला तो चित्रदुर्गाच्या लोकांनी, पेशव्यांच्या बाजूने. म्हणजे मदकरी आपला मित्र होता. पण दोन प्रबळ सत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहान राजाची मैत्री कशी असते? हैदर आला की त्याला पैसा द्यायचा, पेशवे आले की त्यांना द्यायचा, आणि एकाला दिला म्हणून दुसऱ्याचा रोष घ्यायचा. पुण्यात जिला 'कर्नाटकची बाकी' म्हणत ती चित्रदुर्गात कोणाच्या तरी कोठारातून निघत होती. मास्तरांनी विचारलेले पान मला इथे सापडले.

माझी झोप उडवली ती मात्र पुढच्या गोष्टीने. १७७० मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे माधवराव मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांकडे सोपवून परतले. पेठ्यांनी मार्च १७७१ मध्ये मोतीतलावाजवळ हैदरचा दारुण पराभव केला. पण १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि पुण्याचे सारे बळ घरच्या आगीत अडकले. हैदरला रान मोकळे झाले. १७७७ साली पुण्याची आणि निजामाची फौज चालून येत असताना मदकरीने हैदरच्या हाकेला ओ दिली नाही, तिकडे काय होते याची वाट पाहत तो थांबला. हैदरने त्याचा सूड घेतला. आधी वेढा आणि जबर दंड, मग दोन वर्षांनी परत वेढा आणि अखेर.

आता 'स्वामी'चे शेवटचे पान आणि 'दुर्गास्तमान'चे शेवटचे पान शेजारी शेजारी ठेवा. आमच्या आजीने जे मरण दोन दिवस अडवून धरले त्याच मरणाची किंमत सात वर्षांनी चित्रदुर्गाने भरली. थेऊरला एक दिवा गेला आणि दूर दक्षिणेत एक कोट काळोखात गेला. एकाच कहाणीचे हे दोन खंड. एक मराठीत लिहिला गेला, दुसरा कन्नडमध्ये. पुण्यातला वाचक पहिला खंड वाचून पुस्तक मिटतो, म्हैसूरचा वाचक दुसऱ्यापासून सुरुवात करतो. दोन्ही खंड मुळातून वाचण्याची सोय ज्या थोड्या लोकांना आहे ते म्हणजे आपण, सीमेवरचे. आणि आपण काय करतो? मराठी घरात पहिला खंड, कन्नड घरात दुसरा, मध्ये एक कुंपणाची भिंत.

एकेकाळी असे नव्हते. 'गळगनाथ' या नावाने लिहिणारे वेंकटेश तिरको कुलकर्णी (१८६९-१९४२) यांनी हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या आणि त्या वाचून कन्नडची एक पिढी कादंबरी वाचायला शिकली. अलीकडे बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणून ते ऋण फेडले. आठव्या शतकातली 'सार्थ' त्यांच्यामुळेच आपण मराठीत वाचली. म्हणजे वाट आहे. तिच्यावर गवत वाढले आहे, इतकेच.

आता निवाड्याकडे येतो. गुंगवणारी ऐतिहासिक कादंबरी चांगली की वाईट, हे कशावरून ठरवायचे? तिच्यातल्या तारखा बरोबर आहेत यावरून नव्हे. तारखा बरोबर असलेल्या कितीतरी कादंबऱ्या मी दहाव्या पानावर मिटल्या आहेत. माझी कसोटी साधी आहे. पुस्तक मिटल्यावर माणूस काय करतो, ते पाहावे. मिटल्यावर जो मिशीला पीळ देतो आणि शेजाऱ्याकडे तिरके पाहतो, त्याला पुस्तकाने झोपवले. जो उठून दुसरे पुस्तक शोधतो, किल्ला पाहायला जातो, 'हे खरेच असे झाले का' म्हणून विचारतो, त्याला पुस्तकाने जागे केले. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची जी दीर्घ प्रस्तावना आहे ती लहानपणी मी सरळ ओलांडून पुढे गेलो होतो. चाळिशीत ती वाचली तेव्हा कळले, की महाराजांवर अपार प्रेम असलेला माणूसही महाराजांविषयी किती अवघड प्रश्न विचारू शकतो. प्रश्न विचारल्याने त्याचे प्रेम कुठेच कमी झालेले दिसत नाही.

या कसोटीला आपल्या भागातलेच एक उदाहरण लावून पाहा. दक्षिण दिग्विजयावरून परतताना मराठ्यांच्या फौजेला बेलवडीच्या लहानशा गढीने अडवले. गढी लढवत होती एक बाई. आपल्या शिवचरित्रपर कादंबऱ्यांत हा प्रसंग बहुधा ओझरता येतो. मास्तरांच्या घरी तीच बाई 'बेलवडी मल्लम्मा' म्हणून पूर्ण उंचीची नायिका आहे, लेकीबाळींना सांगायची. गंमत अशी, की महाराजांनी तिला बहिणीसारखे वागवले ही आठवण कन्नड लोककथेनेही जपली आहे. दोन्ही घरांत अभिमान आहे आणि दोन्ही अभिमान एकमेकांत सामावतात. अट एकच, दोन्ही कथा एकाच ओसरीवर सांगितल्या गेल्या पाहिजेत. वेगवेगळ्या सांगितल्या, की त्याच कथांची हत्यारे होतात. आपल्या जिल्ह्यांत पुतळ्यांवरून आणि फलकांवरून काय काय झाले आहे, ते मी नव्याने सांगायला नको. त्यातल्या किती जणांनी ती पुस्तके पुरी वाचली असतील, ही शंका मात्र मनात येते. कादंबरी हा पुरावा नव्हे. ती पुराव्याने सिद्ध न होणारी एक गोष्ट सांगते, त्या जागी उभे राहिल्यावर माणसाला काय वाटले असेल, ही. तेवढ्यासाठीच ती वाचायची. भांडणात कादंबरीचे पान काढून दाखवणाऱ्याने इतिहासाचाही अपमान केला आणि कादंबरीचाही.

पुढच्या पिढीविषयी दोन शब्द. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. मराठी बोलते झकास, वाचते अडखळत, कन्नड परीक्षेपुरते. तिने २०२५ साली 'छावा' चित्रपट पाहिला, घरी येऊन रडली आणि मग पुस्तक मागितले. शिवाजी सावंतांचा तो १९७९ सालचा ग्रंथ तिच्या हाताला पेलेना, म्हणून मी वाचून दाखवू लागलो. पन्नास वर्षांपूर्वी ऐकणारे सहा होते, आता एकच. पण एका रात्री तिने मध्येच विचारले, "आजोबा, तो औरंगजेब रात्री तंबूत एकटा असताना काय करत असेल?" चित्रपटाने तिला रडवले होते, पुस्तकाने तिला हे विचारायला लावले. मी उठलो आणि माळ्यावरून 'शहेनशहा' काढली.

मास्तरांना हे सांगितले तर ते म्हणाले, "मग आमच्या नातवालाही पाठवतो की. मराठी कळतं त्याला, वाचता येत नाही." आता संध्याकाळी दोघे येतात. गेले काही दिवस 'स्वामी' चालू आहे आणि आम्ही थेऊरच्या जवळ येऊन पोचलो आहोत. ते संपले की मास्तर 'दुर्गास्तमान' कन्नडमध्ये वाचणार आणि अडेल तिथे मी मराठीत सांगणार, असे ठरले आहे. सुरुवात भाऊबीज झाल्यावर, आमच्याच ओसरीवर. वाचकहो, जवळपास राहत असाल तर अवश्य या. फक्त गॅसवर काही ठेवून येऊ नका.